पराधीनांचे बंड आणि म्हैसूरच्या दोन कादंबऱ्या

परक्या सत्तेविरुद्ध प्रजा बंड का करते, या प्रश्नाला इतिहासकार बहुधा कारणांची यादी देऊन उत्तर देतो: कर, कर्ज, दुष्काळ, अपमान. ही कारणे खोटी नसतात. परंतु तीच दुःखे लोक पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे सोशीत आलेले असतात, याचा उलगडा त्या यादीतून होत नाही. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बुडविणारे अमेरिकन वसाहतवाले कराच्या ओझ्याखाली चिरडले गेले होते, असे म्हणता येणार नाही. त्या वर्षीच्या कायद्याने चहा उलट स्वस्तच होणार होता. ज्या पार्लमेंटात आपला प्रतिनिधी नाही तिला आपल्यावर कर बसविण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्यांचा सवाल होता. सत्तेच्या अधिकारावरील श्रद्धा ढळली की कालपर्यंत सोसलेले ओझे आज असह्य होते. ही श्रद्धा मनातल्या मनात कशी ढळते, हे दाखविणे हे कादंबरीचे खास क्षेत्र होय.

या दृष्टीने म्हैसूरची भूमी विशेष विचार करण्याजोगी आहे. १८३०-३१ साली नगर प्रांतातील रयतेने सारावसुलीच्या जाचाविरुद्ध उठाव केला, तो तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या राज्यकारभाराविरुद्ध. त्याचे फलित असे झाले की, १८३१ साली इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला आणि १८८१ पर्यंत तो सोडला नाही. म्हणजे येथे बंडानेच साम्राज्याला घरात घेतले. पुढेही संस्थानी प्रजेच्या व परक्या सत्तेच्या मध्ये राजाची छाया पसरलेलीच राहिली. अशा प्रदेशातील माणसाला आपला शत्रू कोण, हे ओळखणेच मुळी कठीण होते. या कठीणपणाला दोन कादंबरीकारांनी दोन भिन्न उत्तरे दिली आहेत: राजा राव यांनी 'कांतपुरा' (१९३८) मध्ये आणि म्हैसुरात आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या आर. के. नारायण यांनी 'वेटिंग फॉर द महात्मा' (१९५५) मध्ये. दोन्ही कृती इंग्रजीतल्या, दोन्हींत गांधीजींचे आंदोलन, आणि दोन्हींत एकेक मळेवाला साहेब आहे.

'कांतपुरा'तील स्केफिंग्टन कॉफी इस्टेटवरचे मजूर हे त्या कादंबरीतील सर्वांत पीडित लोक. घाटाखालून मजुरीच्या आशेने आणलेले, हिवतापाने खचलेले, कर्जाने बांधलेले. त्यांच्या स्त्रियाही साहेबाच्या वासनेपासून सुरक्षित नाहीत. दुःख हेच बंडाचे कारण असते, तर पहिली ठिणगी तेथेच पडावयास हवी होती. प्रत्यक्षात ती पडते गावातल्या देवळात, हरिकथेच्या वेळी. जयरामाचार नावाचा हरिदास गांधींची कथा पुराणकथेसारखी सांगतो आणि श्रोत्यांच्या मनात राज्य करण्याचा अधिकारच एका सिंहासनावरून दुसऱ्यावर सरकतो. तंजावरच्या मराठी कीर्तनाशी दक्षिणेतील हरिकथेचे नाते आहे, आणि राष्ट्रीय कीर्तनाची परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. म्हणून मराठी वाचकाला या प्रसंगाचे मर्म चटकन उमगते. सरकार हे देवाने नेमलेले आहे, ही समजूत कोरड्या युक्तिवादाने मोडत नाही. तिच्या जागी तितकीच पवित्र दुसरी समजूत यावी लागते. केंचम्मा देवी, हिमवती नदी, भजने आणि उपवास या जुन्याच साहित्यातून राजा राव हे नवे बंड उभे करतात.

परंतु ज्या साधनाने बंड उभे राहते त्याच साधनाच्या मर्यादाही त्याला चिकटतात. देव, देऊळ आणि कथा ही ज्यांची मिरास, त्यांच्याच आवाजात बंडाची हकिकत ऐकू येते. कथा सांगते ती अचक्का, एक वृद्ध ब्राह्मण विधवा. मूर्ती हा ब्राह्मण तरुण राचण्णाच्या, म्हणजे एका अस्पृश्याच्या, घरात पाऊल टाकतो, थरथरत दूध पितो आणि नंतर शुद्धीसाठी गंगाजलही घेतो. म्हैसूरचे स्वामी सरकारकडून जमिनीचे दान घेऊन मूर्तीला बहिष्कृत करतात. सावकार भट्ट त्यांच्या बाजूला. परकी सत्ता आणि स्वकीय उच्चवर्ण यांची ही हातमिळवणी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये अर्धशतकापूर्वीच उघडी केली होती. अचक्काला ती दिसते, पण तिचा पूर्ण अर्थ तिला लागत नाही. राचण्णाच्या घराने हे बंड कसे अनुभवले, हे वाचकाला तिच्या तोंडून कधीच कळत नाही. मात्र शेवटी, जमिनी लिलावात शहरवाल्यांकडे गेल्यावर, उरलेल्या गावाला आग लावण्यास राचण्णाची बायको राचीच पुढे होते. कथनाच्या कडेला ठेवलेल्या या स्त्रीच्या हातून घडणारी ही कृती कादंबरीतील सर्वांत निःसंदिग्ध बंड होय, आणि तिच्यामागे कोणत्याही पुराणाचा आधार नाही.

नारायणांचा श्रीराम याच्या अगदी उलट टोकाला आहे. मालगुडीतील हा खुशालचेंडू तरुण भारतीवरील प्रेमापोटी आंदोलनात शिरतो. भिंतींवर 'क्विट इंडिया' रंगविताना त्याला साम्राज्यापेक्षा पहिल्या इंग्रजी अक्षराचाच राग येतो, कारण ते फार रंग खाते! मॅथीसन या मळेवाल्याकडे तो हीच घोषणा रंगवावयास जातो, तर साहेब त्याचे सौजन्याने आदरातिथ्य करतो. या विनोदाला थट्टा समजून सोडून देणे योग्य होणार नाही. असंख्य माणसे इतिहासात विचाराने शिरत नाहीत, ओढली जातात, हे सत्य 'कांतपुरा'च्या सामुदायिक स्वरात ऐकू येत नाही. नारायण ते सांगतात. मात्र मॅथीसनचे सौजन्य ज्या मजुरीवर उभे आहे, तिच्याकडे त्यांची लेखणी वळत नाही. स्केफिंग्टनचे कुंपण मालगुडीच्या टेकड्यांवरून दिसत नाही, आणि ही त्या कादंबरीची खरी उणीव आहे.

भाषेच्या बाबतीतही हाच भेद प्रत्ययास येतो. नारायणांचे इंग्रजी नितळ आहे. ते मराठीत आणताना अनुवादकाला फारसे झगडावे लागणार नाही. राजा राव यांनी इंग्रजी वाक्याला कन्नड आजीबाईच्या श्वासाची लय दिली. त्यांच्या कादंबरीत राज्यकर्त्यांची भाषाच बंडात सामील झाली आहे. अचक्काचे बोलणे मराठीत सहज आपल्या घरचे वाटू लागेल, आणि तेथेच धोका आहे. मूळ इंग्रजीने सोसलेली ओढाताण नाहीशी झाली, तर अनुवाद गोड होईल, पण बंडाचा एक साक्षीदार गप्प होईल.

मूर्ती अखेरीस गांधीमार्ग सोडून नेहरूंच्या समाजवादाकडे वळतो. इस्टेटची काटेरी तार आहे तोवर अस्पृश्यताही राहणार, अशी त्याची खात्री पटते. म्हैसूर संस्थान गेले, साम्राज्य गेले. पण पराधीनांचे बंड कोणाच्या तोंडून सांगितले गेले आणि कोणाला त्यात केवळ आग लावण्यापुरती जागा मिळाली, हा प्रश्न या दोन कादंबऱ्यांनी मागे ठेवला आहे. स्वातंत्र्यलढ्यावरील मराठी कादंबरीलाही तो लागू पडतो, आणि तिच्या समीक्षेने तो टाळू नये.