मोंतायूच्या गढीवरून

पिरेनीज पर्वताच्या फ्रेंच बाजूला, आक्स-ले-तेर्मपासून घाट चढून गेले की सुमारे तेराशे मीटर उंचीवर मोंतायू हे गाव लागते. घरे मोजकीच आहेत. गावाच्या वर टेकाडावर मध्ययुगीन गढीचे अवशेष आहेत, खाली उतारावर सांता मारियाचे जुने देऊळ. मी पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती आणि रस्त्यावर कोणी नव्हते. चौदाव्या शतकाच्या आरंभी इथे दोनशे-अडीचशे माणसे राहत होती. त्या काळातले इतके बोलके खेडे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटते, आणि त्याच खेड्यात मला एकही शब्द ऐकू येत नव्हता.

त्याला बोलके केले एमान्युएल ल र्वा लाद्युरी यांच्या ‘मोंतायू’ या पुस्तकाने. मूळ फ्रेंच पुस्तक 1975 चे. मी ते वाचले बार्बरा ब्रे यांच्या 1978 च्या संक्षिप्त इंग्रजी अनुवादात, आणि तीच प्रत पिशवीत घालून इथे आलो होतो. शेतकरी, धनगर, विधवा, मोलकरणी यांचे रोजचे जगणे त्यात भरून आहे. उन्हात बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या बायका, मेंढ्या घेऊन डोंगरापलीकडे कॅटलोनियात जाणारा पिएर मोरी, चुलीपाशी दबक्या आवाजात चाललेल्या धर्माच्या गोष्टी. इतिहासात एरवी राजेच बोलतात, इथे मेंढपाळ बोलतो, या आनंदात मी ते पहिल्यांदा एका दमात वाचले होते.

ही माणसे बोलली कुणापुढे? गावात कॅथार पंथ रुजला होता. दिसणारे जग सैतानाच्या अधिकारातले आहे, असे मानणारा हा पंथ चर्चच्या लेखी पाखंड होता. 1308 मध्ये इन्क्विझिशनने गावातल्या जवळजवळ सगळ्या प्रौढांना पकडून नेले. पुढे पामिएचा बिशप झाक फुर्निए याने 1318 ते 1325 या काळात शेकडो उलटतपासण्या घेतल्या. हाच फुर्निए 1334 मध्ये बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला आणि त्याची नोंदवही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात टिकली. पुस्तकाचा कच्चा माल तीच नोंदवही.

लेखकाने हे लपवलेले नाही, आरंभीच सांगितले आहे. तक्रार पुढची आहे. ओळख करून दिल्यावर न्यायाधीश हळूहळू खोलीबाहेर जातो, आणि वाचकाला वाटू लागते की आपणच त्या चुलीपाशी बसलो आहोत. मानववंशशास्त्रज्ञ रेनाटो रोझाल्डो यांनी 1986 मध्ये याच जागेवर बोट ठेवले होते. गढीच्या ढिगाऱ्यावर उभा राहिलो तेव्हा त्यांचे म्हणणे मला पायांनी कळले. जुने गाव या गढीच्या आसऱ्याने उतारावर वसले होते. इथून दारे दिसत असणार, कोण कुणाकडे गेले तेही. पुस्तक चुलीपासून गावाकडे पाहते. साक्षी मात्र वरून खाली पाहणाऱ्यांसाठी लिहिल्या गेल्या.

भाषेतही हे घडले आहे. माणसे ऑक्सितान बोलत, लेखनिक लॅटिनमध्ये लिहीत. ‘तिने सांगितले की’ अशी ती तृतीय पुरुषातली नोंद. पुस्तकात त्यातली पुष्कळ वाक्ये पुन्हा ‘मी’ने बोलू लागतात. मराठीत ‘ती म्हणाली, की ती घाबरली’ आणि ‘मी घाबरले’ यांत केवढे अंतर आहे, हे अनुवाद केलेल्या कुणालाही ठाऊक असते. ते अंतर पुसले की कारकुनाचा हात दिसेनासा होतो.

बेआत्रिस द प्लानिसोलचे उदाहरण घ्या. ती याच गढीच्या अधिकाऱ्याची बायको, पुढे विधवा. पकडली गेली तेव्हा तिच्या सामानात नातवंडांच्या वाळलेल्या नाळा, लेकीच्या पहिल्या विटाळाचे डाग असलेले कापड, धूपाचा खडा, आरसा अशा वस्तू सापडल्या. नाळा जवळ असल्या की खटला हरत नाही, कापडाने जावई लेकीशी एकनिष्ठ राहतो, असे तिने सांगितले. पुस्तकात हा मजकूर त्या काळच्या लोकसमजुतींचा सुंदर नमुना होतो. नोंदवहीत मात्र ते आरोपीच्या गाठोड्यातले जप्त सामान आहे. एकेक वस्तू पुढे येते, आणि ही चेटकाची नाही, हे तिला पटवून द्यायचे आहे. लेकीच्या संसाराची काळजी बिशपपुढे उलगडून दाखवणाऱ्या बाईचे बोलणे मी कुतूहलाने, थोडे हसतसुद्धा वाचले होते. तिला तुरुंग झाला, नंतर कपड्यांवर पिवळे क्रूस वागवण्याची शिक्षा.

उलट, गावातला सर्वांत ताकदवान माणूस, पाद्री पिएर क्लेर्ग, पुस्तकभर वावरतो, पण तो आपल्याला भेटतो इतरांच्या साक्षींतून. तो कैदेतच मेला आणि त्याची स्वतःची साक्ष उरलेली नाही. म्हणजे या प्रसिद्ध बोलक्या गावातही कोण किती उघडे पडले, हे सारखे नव्हते.

इथे मला ‘लीळाचरित्र’ आठवले. काळ जवळजवळ तोच, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हाइंभटही माणसांकडे जाऊन विचारत होता, आठवणी टिपून घेत होता, आणि त्यातही चालते-बोलते, खाते-पिते जग येते. पण सांगणाऱ्यांना चक्रधरांची आठवण जपायची होती, आणि सांगितल्याबद्दल कुणाला कोठडी नव्हती. श्रद्धाही स्मृतीला वळण देते, म्हणून तीही निखळ साक्ष नव्हे. तरी दोन्ही ग्रंथांतला ‘साधा माणूस’ एकाच मापाने वाचता येणार नाही, एवढे नक्की.

‘मोंतायू’ वाचू नका, असे मी म्हणणार नाही. फुर्निएने विचारले नसते तर पिएर मोरीचे नावही उरले नसते. ही अडचण कुठल्याही टीकेने सुटत नाही. पुस्तक मोठे आहे, आणि त्याने दिलेला आनंद खोटा नव्हता. फक्त तो कुणाच्या खर्चाने मिळाला, हे त्याच्या पानांवर दिसत राहायला हवे होते.

संध्याकाळी मुक्कामावर येऊन प्रत उघडली. पहिल्या वाचनात आवडलेल्या वाक्यांपुढे मी पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. त्या खोडल्या नाहीत. प्रत्येकीच्या शेजारी, समासात, त्या उत्तराआधी कोणता प्रश्न आला असेल तो लिहीत गेलो. काही पानांवर समास पुरला नाही.