नेस्टेड व्हॅल्यू ओळखणारी एक ओळ : परीक्षण

जेसनमधून आलेला डेटा सपाट आहे की त्यात नेस्टेड व्हॅल्यू आहेत, हे एका ओळीत तपासण्याची एक पद्धत प्रॅक्टिकलच्या फायलींत सर्रास दिसते. पायथनमधली एनी आणि इझइन्स्टन्स ही दोन फंक्शन्स एकत्र वापरायची आणि रेकॉर्डमधल्या प्रत्येक व्हॅल्यूला विचारायचे, ‘तू डिक्शनरी किंवा लिस्ट आहेस का?’ एकीने जरी ‘हो’ म्हटले तरी डेटा नेस्टेड, नाहीतर सपाट. ओळ सुटसुटीत आहे, व्हायव्हात सांगायलाही सोपी आहे. या नोटमध्ये आपण ती ओळ काय खात्रीने सांगते आणि काय सांगत नाही ते पाहू.

हे तपासायचे कशासाठी, ते आधी बघा. तपासणी चुकली तर पुढे प्रोग्राम एरर देईल आणि चूक कळेल, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. समजा, शिष्यवृत्तीच्या ५,००० अर्जदारांची यादी आहे. प्रत्येक रेकॉर्डमध्ये बँक खात्याचा क्रमांक स्ट्रिंग म्हणून आहे. पाच जणांनी दोन-दोन खाती दिली, म्हणून फक्त त्यांच्या रेकॉर्डमध्ये त्या जागी दोन स्ट्रिंगची लिस्ट आहे. ही यादी पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलने फाइलमध्ये लिहिली, तर ना एरर येते, ना वॉर्निंग. व्हॅल्यू स्ट्रिंग नसेल तर रायटर तिचे स्ट्रिंगमध्ये रूपांतर करून मोकळा होतो. चौकटी कंस, स्वल्पविराम, अवतरणचिन्हे यांच्यासकट सगळी लिस्ट खाते क्रमांकाच्या रकान्यात उतरते. ती अवतरणचिन्हेही एकेरी असतात, त्यामुळे तो मजकूर पुन्हा जेसन म्हणून वाचायला गेलात तर पार्सर नकार देतो. पुढची प्रणाली मात्र त्याला खाते क्रमांकच समजते. त्या पाच जणांचे पैसे का अडले, हे शोधायला कोणी या ओळीपर्यंत येत नाही.

आता या ओळीऐवजी वापरले जाणारे पर्याय. काही जण सगळा रेकॉर्ड स्ट्रिंगमध्ये बदलून आत महिरपी किंवा चौकटी कंस सापडतो का ते बघतात. ‘शेरा’ या रकान्यात कोणी साधा मजकूर कंसात लिहिला की ही तपासणी फसते. ती बाद.

दुसरा पर्याय जास्त फसवा आहे, कारण तो अधिक व्यापक वाटतो : डिक्शनरी आणि लिस्ट अशी नावे न घेता, व्हॅल्यूवर लूप फिरवता येतो का एवढेच विचारायचे. पण पायथनमध्ये स्ट्रिंगवरही लूप फिरतो. म्हणजे अर्जदाराचे नाव, गाव, पिनकोड सगळेच नेस्टेड ठरणार. हीच कल्पना रिकर्शनने आतपर्यंत नेली तर आणखी गंमत होते. स्ट्रिंगमधून एकेक कॅरेक्टर बाहेर येते, पण ते कॅरेक्टरही स्वतः स्ट्रिंगच असते आणि त्याच्या आत पुन्हा तेच कॅरेक्टर. प्रोग्राम तळाला कधी पोचतच नाही. पायथनची रिकर्शनची मर्यादा, जी सहसा १,००० असते, ओलांडली की तो कोसळतो. जावास्क्रिप्टवाल्यांनी हसू नये. तिथे टाइपऑफ वापरून ‘ऑब्जेक्ट आहे का’ विचारले, तर नल सुद्धा ‘हो’ म्हणतो.

त्या मानाने मूळ ओळ पक्की आहे. जेसनमध्ये आत आणखी व्हॅल्यू ठेवू शकणारे प्रकार दोनच, ऑब्जेक्ट आणि ॲरे. पायथनचा पार्सर त्यांची डिक्शनरी आणि लिस्ट करतो. त्यामुळे डेटा जेसनमधून आला असेल तर दोनच प्रकार विचारणे पुरेसे आहे. टपल, सेट किंवा नमपायचा ॲरे असलेला डेटा दुसरीकडून आला, तर यादी वाढवावी लागेल. रिकाम्या लिस्टलाही ही ओळ ‘नेस्टेड’ म्हणते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आज रिकामी असलेली जागा पुढच्या फाइलमध्ये भरलेली येऊ शकते. एक पळवाट मात्र तिला दिसत नाही : जेसनचा अख्खा मजकूरच स्ट्रिंग म्हणून एखाद्या व्हॅल्यूत ठेवलेला असला, तर ती त्याला स्ट्रिंग समजून पुढे जाते.

खरा आक्षेप ‘झटपट’ या शब्दावर आहे. एनी हे फंक्शन पहिले ‘हो’ मिळताच थांबते, म्हणून ‘हो’ हे उत्तर स्वस्त पडू शकते. ‘नाही’ म्हणायला मात्र प्रत्येक रेकॉर्डची प्रत्येक व्हॅल्यू बघावीच लागते. परीक्षेत या तपासणीचा वेळ ‘स्थिर’ असे लिहिणारे पुष्कळ असतात. ते फक्त नशिबाने पहिलीच व्हॅल्यू नेस्टेड निघाली तर खरे. हा वेळ वाचवायला मग पहिले १०० रेकॉर्ड तपासले जातात. आपल्या उदाहरणात ५,००० पैकी ५ रेकॉर्ड नेस्टेड आहेत. यादृच्छिक १०० निवडले, तरी पाचही सुटण्याची शक्यता ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९० टक्के येते. शिवाय ‘पहिले १००’ हे यादृच्छिक नसतात. दुसरे खाते देण्याची सोय फॉर्ममध्ये नंतर आली असेल, तर असे सगळे रेकॉर्ड यादीच्या शेवटाकडेच असणार. नमुना तपासून मिळालेले ‘हो’ खरे माना. ‘नाही’ आले तर त्याचा अर्थ एवढाच, की अजून सापडले नाही.

स्वस्तात खात्रीचे ‘नाही’ मिळते ते स्कीमा असेल तिथे. पांडाजमध्ये ज्या कॉलमचा प्रकार पूर्णांक किंवा दशांश आहे त्यात लिस्ट बसूच शकत नाही. म्हणून फक्त ऑब्जेक्ट प्रकारचे कॉलम तपासले तरी चालते, आणि ही बचत प्रामाणिक आहे. पार्केट फाइलमध्ये स्कीमा शेवटच्या फूटरमध्ये असतो; तेवढाच वाचला की उत्तर मिळते. पोस्टग्रेसमध्ये मात्र कॉलम जेसनबी प्रकारचा आहे म्हटल्याने काहीच कळत नाही, एकेका ओळीचा प्रकार विचारावा लागतो. कॉड यांनी १९७० च्या रिलेशनल मॉडेलवरील लेखात रिलेशनच्या आत रिलेशन ठेवू नये, ते सुटे करावे, असे मांडले. आपण नॉर्मलायझेशनच्या तासाला तो नियम पाठ करतो. त्या नियमाचा एक फायदा हाच, की असा डेटा सपाट आहे का हे नंतर कोणाला विचारावेच लागत नाही.

ही तपासणी कधी करावी, यातही गफलत होते. अनेक जण ती सुरुवातीला एकदा करतात, ‘हो’ आले की पांडाजचे जेसन-नॉर्मलाइझ चालवतात आणि डेटा सपाट झाला असे धरून सीएसव्ही काढतात. ते फंक्शन आतल्या डिक्शनरी उलगडून त्यांचे वेगळे कॉलम करते, पण कोणती लिस्ट उलगडायची हे वेगळे सांगितल्याशिवाय लिस्टला हात लावत नाही. आपल्या यादीतले ते पाच अर्जदार त्यातून जसेच्या तसे बाहेर येतात. तेव्हा फाइल लिहिण्याच्या अगदी आधी, सगळ्या रेकॉर्डवर, तीच ओळ पुन्हा चालवा. ५,००० रेकॉर्डसाठी साध्या लॅपटॉपवरही त्याला लागणारा वेळ जाणवणार नाही.