‘एकच प्याला’तील मित्र : दैव आणि प्रेम

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास रंगभूमीवर आणले, तेव्हा नाटककाराच्या निधनाला महिनाही झाला नव्हता. बालगंधर्वांच्या सिंधूमुळे हे नाटक पतिव्रतेच्या सोशिकतेची कथा म्हणून लक्षात राहिले. परंतु त्यात मित्रामित्रांतला एक वादही आहे : माणसाचा नाश दैव करते की तो स्वतः?

वकिलीची सनद तहकूब झाल्याचा अपमान सुधाकराला सोसवत नाही, आणि तळीरामाने पुढे केलेला प्याला तो ओठी लावतो. तळीरामाच्या लेखी घरसंसाराला मोल नाही. सोबत पिणारा तोच मित्र. सुधाकर असा निबर नव्हे. सिंधूवर त्याचे प्रेम आहे. परंतु एकदा लागलेली दारू मरणाखेरीज सुटत नाही, अशी त्याची धारणा बनते आणि त्याचे प्रेम केवळ पश्चात्तापापुरते उरते.

या धारणेला नाटकातच उत्तर आहे. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला भगीरथ रामलालच्या आधाराने सावरतो. म्हणजे सुटका अशक्य नाही.

रामलाल आणि शरद यांचे उपकथानक अनेकांना उपरे वाटते. मला ते नाटकाचा कणा वाटते. सुधाकराच्या या विधवा बहिणीचा रामलाल पालक. तिच्याविषयीची अभिलाषा त्याला स्वतःच्याच मनात सापडते. हा त्याच्यापुढे आलेला प्याला! तो दैवाला बोल लावीत नाही. मोह ओळखतो आणि शरदचा हात भगीरथाच्या हाती देतो.

तरीही सारा दोष सुधाकरावर टाकून गडकरी मोकळे होत नाहीत. दारू सोडून काम मागायला निघालेल्या सुधाकराला प्रतिष्ठितांची दारे बंद मिळतात. ज्याला तो दैव म्हणतो, त्यात आपल्यासारख्या सभ्य माणसांचाही हात असतो.

आपल्या सोलापुरात, गिरण्या चालू असताना, पगाराच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या सिंधू काही थोड्या नव्हत्या. त्यांच्या सहनशीलतेचे गोडवे आपण पुष्कळ गायिले. मरताना खोटे बोलून पतीला वाचवू पाहणारी सिंधू थोर खरी. पण तिच्या प्रेमाने ना बाळ वाचले, ना सुधाकर. भगीरथाला वाचवणारा हात वेळेवर पुढे आला होता. नाटक संपल्यावर आपण डोळे पुसतो; शेजारच्या घरी असा हात पुढे करायचे मात्र राहून जाते.