मूळ कारणाचा शोध आणि सांध्याचं घड्याळ : फंक्शनल मेडिसिनविषयी



आजचा विषय ऐकायला शहरी वाटेल, पण वाशीम जिल्ह्यात तो मोबाइलवरून केव्हाच घराघरात शिरला आहे. आमवात असो, सोरायसिस असो, थायरॉइड असो की अंगावरचे पांढरे डाग असोत, 'गोळ्या फक्त लक्षणं दाबतात, आम्ही मूळ कारण काढतो' असं सांगणारा एखादा व्हिडिओ आपल्यापर्यंत पोचतोच. या विचाराचं नाव फंक्शनल मेडिसिन. जेफ्री ब्लँड या अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञांनी 1991 मध्ये त्याची संस्था काढली, आणि 2014 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकसारख्या नामांकित रुग्णालयाने त्याचं स्वतंत्र केंद्र सुरू केलं. त्यामुळे भोंदूगिरी म्हणून हे झटकून टाकणं बरोबर होणार नाही. आधी त्यांचं म्हणणं ऐकू.

ऑटोइम्यून आजार म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटणं. फंक्शनलवाले म्हणतात, हे उलटणं आतड्यापासून सुरू होतं. आतड्याचं अस्तर सैल पडतं, नको ते कण रक्तात उतरतात, यंत्रणा चवताळते. तेव्हा त्रास देणारे पदार्थ बंद करा, आतडं दुरुस्त करा, झोप आणि ताण सांभाळा.

आपल्याला यात नवल वाटत नाही, याचं कारण आहे. आमवाताला स्वतंत्र आजार म्हणून प्रकरण दिलं ते 'माधवनिदान' या ग्रंथाने, हजाराहून अधिक वर्षांपूर्वी. अग्नी मंद होतो, आम तयार होतो आणि वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो, अशी ती मांडणी. म्हणून आता काही जण सरळ सांगतात, आम म्हणजेच 'लीकी गट', गळकं आतडं. हे समीकरण आम्हाला पटत नाही. दोन कल्पना सारख्या दिसल्या म्हणून एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यावर जमा होत नाही. आतड्याची गळती सीलिएक आणि क्रोन्स या आजारांत मोजलेली आहे, हे खरं. पण ती आजाराचं कारण की परिणाम, आणि ती बुजवल्याने बोटांचे सांधे वाचतात का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर यायच्या आत बाजारात तपासण्या आल्या. गळती दाखवते म्हणून झोन्युलिनची तपासणी विकली जाते, आणि संशोधकांना तपासताना आढळलं की बाजारातली किट झोन्युलिन सोडून भलतीच प्रथिनं मोजत होती. अन्नाच्या 'सेन्सिटिव्हिटी'साठी आयजीजीचा लांबलचक तक्ता देतात. त्यात जे पदार्थ आपण नेहमी खातो तेच बहुधा लाल रंगात येतात, कारण ही प्रतिपिंडं मुळात खाल्ल्याची खूण असतात. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी करू नका असं कधीचं सांगितलंय.

मग लोक तिकडे का जातात? आमच्या मते, तिथे कोणीतरी ऐकून घेतं म्हणून. तासभर बसवून झोप विचारतात, बाळंतपण विचारतात, घरातला ताण विचारतात. ओपीडीच्या रांगेत दोन मिनिटं मिळतात. सांधेविकारतज्ज्ञ गाठायचा तर आपल्याकडच्या बहुतेकांना अकोला, अमरावती, नागपूर अशी वाट धरावी लागते. वाशीमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेच 2024 मध्ये. आणि रुग्ण काही थोडे नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 पासून घरोघर पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये साधारण अर्धा टक्का लोकांना आमवात निघाला. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा सुमारे बारा लाखांचा होता. तोच दर धरला तर आपल्याकडे काही हजार माणसं या दुखण्याची आहेत.

आता समजा, मंगरुळपीर तालुक्यातली तिशीतली एक बाई आहे. सकाळी तासभर मूठ वळत नाही, शेण-सडा करताना मनगट ठणकतं. ती हा आहार सुरू करते. ऑटोइम्यून प्रोटोकॉल नावाचा जो कडक आहार आहे त्यात सगळी धान्यं, डाळी, दूध, अंडी, तेलबिया आणि वांगी-टोमॅटो-मिरची-बटाटा बंद. म्हणजे जवारीची भाकर गेली, तुरीचं वरण गेलं, वांग्याची भाजी गेली, ठेचा गेला, जवसाची चटणी गेली, ताकही गेलं. माळकरी घर असेल तर तिच्या ताटात पालेभाजी आणि फळं राहिली. (हशा) हसू येतं खरं, पण ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, जी घरात सगळ्यात शेवटी जेवते, तिचं प्रथिन कुठून यायचं? मूळ प्रोटोकॉलमध्ये काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा असतो. व्हिडिओत ते शेवटच्या मिनिटाला येतं आणि तोवर कोणी थांबलेलं नसतं.

तरीही समजा, तिला बरं वाटलं. वाटू शकतं. हे आजार भरती-ओहोटीसारखे असतात, आणि माणूस नवा उपाय धरतो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. ओहोटी त्यानंतर आपोआपच येते, श्रेय मात्र आहाराला जातं. टाइप 1 मधुमेह हाही ऑटोइम्यून आजार. त्यात निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज काही महिने खूप उतरते. या काळाला डॉक्टर 'हनिमून' म्हणतात. नेमका त्या महिन्यांत कोणी आहार सुरू केला आणि इन्सुलिन थांबवलं, तर आई-बापाला वाटतं पोरगं बरं झालं. पुढे कीटोॲसिडोसिस होतो आणि जीव जाऊ शकतो. आमवातात जीव एवढ्या लवकर जात नाही, सांधा जातो. पुष्कळ रुग्णांमध्ये हाडाची झीज पहिल्या दोन वर्षांतच एक्स-रेवर दिसायला लागते आणि झिजलेलं हाड परत भरत नाही. मेथोट्रेक्सेट हे औषध स्वस्त आहे, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. 'मूळ कारण' सापडेपर्यंत ते बंद ठेवायचं, हा सल्ला आम्हाला क्रूर वाटतो.

फंक्शनलवाल्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: आमचा उपचार प्रत्येकाला वेगळा, तो तुमच्या चाचण्यांत कसा बसेल? क्लीव्हलँडवाल्यांनी 2019 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांच्या रुग्णांना सहा महिन्यांनी जास्त बरं वाटत होतं. पण रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, ज्याने त्याने आपापला दवाखाना निवडलेला होता. आणि 'वेगळा उपचार तपासता येत नाही' हे म्हणणं आपल्याच देशात खोटं ठरलंय. कोइमतूरला आमवाताच्या 43 रुग्णांवर चाचणी झाली, 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाला आयुर्वेदिक औषधं, एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला दोन्ही, आणि सोबत हुबेहूब दिसणारी खोटी औषधं. वैद्य प्रत्येकाची प्रकृती बघून औषध बदलत होते, तरी कोणाला खरं काय मिळतंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिन्ही गट साधारण सारखे सुधारले. चाचणी लहान होती, त्यावरून आयुर्वेद जिंकला असं कोणी म्हणू नये. पण वैद्य स्वतःला अशा कसोटीला लावू शकतात, तर महागडे पॅकेज विकणाऱ्यांनी का लावू नये?

अन्न हेच मूळ कारण असलेला एक ऑटोइम्यून आजार मात्र पक्का आहे, सीलिएक. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या लक्षात आलं की गव्हाची पोळी-पाव बंद केला की ही मुलं सुधारतात, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या धान्यटंचाईने ते आणखी ठळक केलं. तिथे गहू बंद हाच उपचार, आयुष्यभर. पण आपल्याकडे होतं काय, व्हिडिओ पाहून गहू आधी बंद होतो आणि सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जातात. गहू सुटल्यावर रक्तातली टीटीजी प्रतिपिंडं उतरतात, आणि आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. म्हणून शंका असेल तर गहू खात असतानाच टीटीजीची तपासणी करून घ्या. भाकरीवर त्यानंतर या, ती काही आपल्याला परकी नाही.