आधी जमीन, मग चित्र

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात संगणकावर काढल्या जाणाऱ्या चित्रांच्या पार्श्वरंगाविषयी लिहावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, काव्यसंग्रहांची वेष्टने, बालपुस्तकांतील चित्रे, संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका यांतील फार मोठा भाग आज पडद्यावरच जन्मास येतो. पुस्तकातील पहिले अक्षर वाचण्यापूर्वी वाचकाची गाठ या चित्राशी पडते. कवितेतील एखाद्या विशेषणावर पानेच्या पाने खर्ची घालणाऱ्या समीक्षेने त्या कवितेच्या वेष्टनाकडे केवळ ‘सुबक’ वा ‘आकर्षक’ अशा एका शब्दाने पाहावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

पडद्यावर चित्र काढू लागणाऱ्यास आज्ञावली प्रथम दोन गोष्टी विचारते: आकार केवढा आणि पार्श्वभूमी कोणती. १९९० साली बाजारात आलेले फोटोशॉप असो, कोणासही विनामूल्य मिळणारे क्रिटा असो, की २०११ साली आलेले प्रोक्रिएट असो. उत्तर दिले नाही तर सामान्यतः पांढरा पडदा समोर येतो. बहुतेक चित्रकार आकाराचा विचार करतात, कारण छापखान्यास तो लागतो. पार्श्वभूमीचा प्रश्न मात्र ते वाचतही नाहीत. ज्यांनी आयुष्यभर शासकीय नस्त्या हाताळल्या, त्यांना या प्रकाराची ओळख चांगली आहे. प्रकरणावर काहीच शेरा न मारता ते तसेच ठेवले, म्हणजे निर्णय झाला नाही असे मानण्याची प्रथा असते. प्रत्यक्षात ‘जैसे थे’ हा निर्णय झालेलाच असतो आणि त्याचे परिणाम कोणास तरी भोगावे लागतात. पांढरा पडदा हा चित्रकलेतील असाच न घेतलेला, परंतु अमलात आलेला निर्णय होय.

आपल्या परंपरेत जमीन आधी तयार होत असे. अंगण शेणाने सारवल्यावाचून रांगोळी पडत नसे. सारवणाच्या त्या गडद, ओलसर रंगावर पांढरी रेघ उठून दिसे, कारण ती जमीन त्या रेघेसाठीच सिद्ध केलेली असे. घरांत पांढऱ्या फरश्या आल्या तेव्हा पांढरी रांगोळी त्यांवर दिसेनाशी झाली. मग गृहिणींनी फरशीवर आधी गेरूचा हात फिरवून त्यावर रांगोळी घालण्याचा मार्ग काढला. कोणत्याही कलाशाळेत न जाता त्यांनी पार्श्वरंगाचा प्रश्न अचूक ओळखला आणि सोडवला. वारली चित्रांचेही तेच. शेणामातीने वा गेरूने माखलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी आकृती हे त्या चित्राचे मूळ रूप. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली, तेव्हा त्यांनी जमीन मागे सोडली नाही. शेणाचा व गेरूचा लेप कागद-कापडावरही आला. आज पिशव्यांवर आणि पेल्यांवर पांढऱ्या जमिनीवर तपकिरी रेघेने काढलेली ‘वारली’ दिसते, तेव्हा आकृत्या त्याच असूनही काहीतरी हरवल्यासारखे वाटते. अंधाऱ्या झोपडीच्या भिंतीतून उजळून येणारी ती माणसे आता कागदावर उमटवलेल्या शिक्क्यासारखी दिसतात.

माळव्याशी नाते असलेल्या आमच्या वाचकांना सतराव्या शतकातील माळवा शैलीची लघुचित्रे ठाऊक असतील. त्यांत नायिकेच्या मागे खोलीचा तपशील फारसा नसतो. लाल, निळा वा काळा असा एकच सपाट पट्टा असतो. त्या पट्ट्यास रिकामी जागा समजणारा प्रेक्षक अर्ध्या चित्रास मुकतो. नायिकेची उत्कंठा तिच्या चेहऱ्यावर जेवढी आहे, त्याहून अधिक तिच्या मागच्या लाल रंगात आहे.

असे का घडते, याचे शास्त्रीय उत्तर एका रंगारी कारखान्यातून आले. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या राजकीय कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपास केला तेव्हा रंगात दोष आढळला नाही. दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांतील भेद वाढवून पाहतो, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. याची प्रचीती कोणासही घरी घेता येईल. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे करून एक काळ्या व एक पांढऱ्या कागदावर ठेवावा. काळ्यावरचा तुकडा उजळ आणि पांढऱ्यावरचा गडद भासेल. तुकडा तोच आहे हे ठाऊक असूनही तसेच भासेल, कारण हा भ्रम ज्ञानाने दूर होणारा नव्हे.

आता हा नियम पडद्यास लावून पाहू. कागदाचा पांढरेपणा हा परावर्तित प्रकाश. खोलीत जेवढा उजेड तेवढाच तो. पडद्याचा पांढरा मात्र स्वतः प्रकाश फेकतो आणि त्या पडद्याची ती कमाल मर्यादा असते. सर्वसाधारण प्रतिमेत लाल, हिरवा व निळा या प्रत्येक प्रकाशाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. त्यांच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ रंग संभवतात. पांढरा म्हणजे तिन्ही २५५. त्यापलीकडे जागा नाही. अशा लखलखीत जमिनीवर चित्रकार पहिला त्वचारंग ठेवतो, तो त्यास काळवंडलेला वाटतो. म्हणून तो अधिक उजळ करतो. सावली फार गडद वाटते. म्हणून तीही सौम्य करतो. शेवटी पांढरा भाग पार्श्वरंगाने झाकला जातो आणि तोवर योग्य भासणारी आकृती एकाएकी फिकट, पाणचट दिसू लागते. दोष हाताचा नसतो. हाताने डोळ्याचे ऐकले आणि डोळ्याने जमिनीचे.

यावर उपाय म्हणून मध्यम करड्या रंगावर आरंभ करावा, असे सांगितले जाते. सल्ला चांगला आहे, परंतु येथेही आकड्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. ० आणि २५५ यांचा मध्य १२८ म्हणून तो निम्मा उजेड, असा समज सहज होतो. वस्तुतः पडद्याच्या प्रचलित रंगमानकानुसार १२८ चा करडा पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश देतो. आणि डोळ्यास काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर वाटणारा करडा ११९ च्या आसपास येतो. गणिताचा मध्य, प्रकाशाचा मध्य आणि दृष्टीचा मध्य या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील तिसऱ्याशी चित्रकाराचे कर्तव्य जडलेले आहे.

जुन्या तैलचित्रकारांनी हे आकड्यांवाचून जाणले होते. कॅराव्हाजिओ तांबूस-तपकिरी गडद जमिनीवर रंगवीत असे आणि काही ठिकाणी ती जमीन तशीच उघडी ठेवून तिच्याकडूनच मध्यम छटेचे काम करून घेत असे. उलटपक्षी एकोणिसाव्या शतकातील दृक्प्रत्ययवाद्यांनी उघड्यावरील ऊन टिपण्यासाठी पांढऱ्या वा फिकट जमिनी पसंत केल्या. तेव्हा पांढऱ्या रंगाशी आमचे वैर आहे असे कोणी समजू नये. पारदर्शक जलरंगास कागदाचा पांढरा आतून उजळवतो. काळ्या शाईच्या रेखाटनास पांढऱ्याइतकी दुसरी जमीन नाही. आमचा आक्षेप पांढऱ्याच्या निवडीस नसून निवडीच्या अभावास आहे.

इंदुरात १९१० साली जन्मलेल्या आणि १९५० पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत अध्यापन केलेल्या ना. श्री. बेंद्रे यांचे स्मरण येथे अगत्याचे आहे. उत्तरायुष्यात ते बिंदुवादी पद्धतीकडे वळले. तीत रंगाचा प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्याची पार्श्वभूमी होतो. आकृती कोठे संपली आणि जमीन कोठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. पार्श्वभूमी ही आकृतीच्या मागची वस्तू नसून आकृतीशी असलेले नाते आहे, हे अशा चित्रांसमोर उभे राहिले म्हणजे कळते.

आता प्रचलित मुखपृष्ठांकडे वळू. काव्यसंग्रहाच्या वेष्टनावर स्त्रीचा विचारमग्न चेहरा असतो. रेखाटन पक्के, डोळे बोलके, केसांची बट न् बट काढलेली. मागे मात्र निळ्यातून जांभळ्यात विरघळणारा एक पट्टा. निरखून पाहिल्यास केसांच्या कडेने अगदी बारीक पांढुरकी किनार दिसते. चेहरा पांढऱ्यावर रंगवून नंतर निळ्यावर ठेवल्याची ती खूण. कडेच्या ठिपक्यांत मूळचा पांढरा मिसळून राहिलेला असतो. ही किनार पुसता येते, परंतु दुसरी उणीव पुसून जात नाही. एवढ्या निळ्याच्या सान्निध्यात असूनही त्या स्त्रीच्या गालावर, मानेखालच्या सावलीत निळ्याचा लवलेश नसतो. ज्या जगात ती बसली आहे त्याचा प्रकाश तिच्यावर पडलेलाच नाही. कवयित्रीने एकाकीपणावर चांगले लिहिलेले असेल. मुखपृष्ठावरील एकाकीपणा मात्र कात्रणाचा असतो.

याचे कारण डिजिटल साधनाच्या सर्वांत मोठ्या सोयीत दडलेले आहे. चित्र थराथरांत रचले जाते. सर्वांत खालचा थर पार्श्वभूमीचा, आणि तो केव्हाही बदलता येतो. तैलचित्रकारास जमीन बदलायची तर चित्रच पुन्हा काढावे लागे, म्हणून त्यास आरंभीच विचार करणे भाग होते. येथे सक्ती गेली आणि सक्तीबरोबर विचारही गेला. त्यात प्रकाशकांचा वाटा कमी नाही. चित्र पूर्ण झाल्यावर ‘मागचा रंग जरा बदलून द्या’ असा निरोप जातो, आणि तो बदल क्षणार्धात व विनामोबदला व्हावा अशी अपेक्षा असते. चित्रकारही मग आकृती अशीच काढू लागतो की ती कोणत्याही रंगावर चिकटवता यावी. कोठेही चालणारी आकृती कोठलीच नसते.

यावर कोणी म्हणेल, ही सोय म्हणजे प्रयोगाचे स्वातंत्र्यच नव्हे काय? अवश्य आहे, प्रश्न ते कोणत्या वेळी वापरावे एवढाच आहे. आरंभी तळहाताएवढ्या चार चौकटी आखून त्यांत तोच कच्चा आराखडा चार वेगळ्या जमिनींवर मांडून पाहावा, एक निवडावी, आणि मग त्या जमिनीचे ऐकत आकृती रंगवावी. जुन्या चित्रकारास न परवडणारी ही चैन आजच्या चित्रकारास फुकट उपलब्ध आहे. शेवटच्या घटकेस जमीन बदलावी लागलीच, तर आकृतीतील सावल्या आणि कडाही तिच्याबरोबर बदलाव्यात. मुखपृष्ठ कागदावर छापले जाणार असेल, तर आणखी एक पथ्य आहे. पडद्यावर झळाळणारे काही निळे व हिरवे रंग छपाईच्या चार शाईंत उतरत नाहीत. ते मलूल होतात. आकृतीचा तोल ज्या झळाळीवर सांभाळलेला असतो, तीच नाहीशी झाली की तोलही जातो.

साधनाचे मर्म ओळखून जमीन निवडण्याचे उदाहरण म्हणून डेव्हिड हॉकनी यांच्याकडे पाहावे. २००९ साली त्यांनी आयफोनवर पहाटेची चित्रे काढण्यास आरंभ केला. दिवा न लावता, अंथरुणातूनच खिडकीबाहेरचा उजेड ते टिपत, कारण पडद्यास स्वतःचाच प्रकाश होता. प्रकाश हीच येथे जमीन होती आणि सूर्योदय हा त्या जमिनीस साजेसा विषय. २०११ सालच्या वोल्डगेटमधील वसंतागमनाची आयपॅडवरील त्यांची चित्रे २०१२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत कागदावर मोठ्या आकारात छापून मांडली गेली. पडद्यावरचा प्रकाश कागदावर येत नाही, हा भेद तेथेही सुटलेला नाही. म्हणून आम्हांस त्यांची छोटी, पडद्यावरच पाहावयाची पहाटचित्रे अधिक खरी वाटतात.

समीक्षकासाठी यातून एक साधी कसोटी निघते. मनातल्या मनात चित्राची पार्श्वभूमी बदलून पाहावी. लालाऐवजी हिरवी केली, गडदाऐवजी फिकी केली, आणि तरीही आकृतीत काहीच बिघडले नाही, कोठेही हात फिरवण्याची गरज भासली नाही, तर ते चित्र रंगवलेले नसून केवळ रंग भरलेले आहे असे खुशाल समजावे. बदलाच्या नुसत्या कल्पनेने चेहरा आजारी दिसू लागला, सावली खोटी वाटू लागली, तर चित्रकाराने जमीन निवडली होती. माळव्यातील अनाम चित्रकार या कसोटीस उतरतो. गेरूवर रांगोळी घालणारी गृहिणीही उतरते.

एखादी कथा कोणत्याही गावी, कोणत्याही काळी घडू शकेल असे वाटले, तर आपण तिला निराधार म्हणतो. चित्राच्या बाबतीतही ‘आधार’ हा शब्द तितक्याच काटेकोरपणे वापरावा. वेष्टनकाराचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात छापले जाते आणि परीक्षणात बहुधा वगळले जाते. ते लिहावे, आणि त्याने चित्रास कोणती जमीन दिली, तिने आकृतीचे काय केले, याविषयी निदान दोन वाक्ये लिहावीत. जे पाहिले जाते असे चित्रकारास कळते, त्याविषयी तो निष्काळजी राहत नाही.