समर्थ आणि अप्पा : भयकथेतील लाडक्या पात्रांविषयी थोडेसे

एखाद्या कादंबरीतील कोणते पात्र वाचकाला विशेष आवडले, हा प्रश्न आपल्या टीकाव्यवहारात फारसा प्रतिष्ठित नाही. तो शाळकरी मुलांच्या मधल्या सुट्टीतील गप्पांचा विषय समजला जातो. टीकाकाराने कथानकाची बांधणी पाहावी, स्वभावरेखन पाहावे, जीवनदर्शनाची खोली मोजावी. आवडीनिवडीचा हिशेब वाचनालयाच्या कारकुनाने ठेवावा, अशी एक अलिखित कामाची वाटणी होऊन बसली आहे. आम्हांस ही वाटणी मान्य नाही. निदान भयकथेच्या बाबतीत तरी नाही. भयकथा वाचताना वाचक कोणाच्या पाठीशी उभा राहतो, यावरच तिचा रस अवलंबून असतो, आणि ‘लाडके पात्र’ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून ती उभी राहण्याची जागा होय.

प्रस्तुत विचाराला निमित्त झाले आहे नारायण धारप यांच्या ‘समर्थ’ कथांचे. धारप (१९२५–२००८) यांनी मराठीत भयकथेचे जे विपुल लेखन केले, त्याचा वाचकवर्ग अफाट आणि त्यावरील टीका मात्र अत्यल्प. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या आणि काळापहाडाच्या वाट्याला जी उपेक्षा आली, तीच थोड्याफार फरकाने धारपांच्याही आली. पुढे २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच्या दिग्दर्शकांनी आपल्या कल्पनेचे मूळ धारपांच्या एका कथेत असल्याचे सांगितले, आणि मग मराठी न वाचणाऱ्यांच्याही तोंडी हे नाव आले. (चित्रपटाचे नाव तेवढे श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, तिचा आणि या कथेचा दुसरा संबंध नाही.) प्रतिष्ठा अशी परभाषेच्या वळणाने घरी यावी, हे आपल्या वाङ्मयीन संस्थांना भूषणावह नाही, एवढेच येथे नोंदवतो.

माळव्यातील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या लेखनाला आणखी एक महत्त्व आहे. धार आणि देवास येथील पवारांच्या संस्थानांबरोबर आलेली ही घराणी. त्यांची मुले आज हिंदीत शिकतात, घरात माळवी वळणाची मराठी बोलतात, आणि मराठी अक्षर हिंदीच्याच लिपीत असल्यामुळे वाचू शकतात, पण वाचत मात्र नाहीत. लोहारद्यासारख्या गावी मराठी पुस्तक येते ते बहुधा इंदूरहून किंवा पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून. त्यांपैकी चरित्रे आणि प्रवासवर्णने कपाटात जातात. शेवटच्या पानापर्यंत वाचले जाते, उशाखाली सापडते आणि मग तिसऱ्याच घरातून परत मागवावे लागते, ते पुस्तक धारपांचे असते. ज्या लेखनामुळे एखादे मूल मराठीचे सबंध पुस्तक प्रथमच पुरे करते, त्या लेखनाकडे शिक्षकाने नाक मुरडून पाहणे आम्हांस अनुचित वाटते.

अशा वाचकांना आवडते पात्र विचारले तर पहिले उत्तर ठरलेले असते : समर्थ. ते स्वाभाविकही आहे. दुष्ट अमानवी शक्तींचा प्रतिकार करणारा, अधिकारी, निर्भय, संकटाचे मूळ ओळखणारा हा पुरुष. परंतु प्रश्न थोडा पुढे नेऊन ‘कोणता प्रसंग आठवतो?’ असे विचारले की उत्तराचा रोख बदलतो. तेव्हा समर्थांचा विजय आठवत नाही. समर्थ येण्यापूर्वीची रात्र आठवते. बंद खोली, वाढत जाणारा वास, जिन्यावरचे पाऊल, आणि त्या पावलाचा आवाज ऐकणारा एक सामान्य माणूस. समर्थांच्या सोबतीला असलेले अप्पा हे या सामान्य माणसाचे प्रतिनिधी होत. तोंडाने घेतलेले नाव समर्थांचे असते. मन अप्पांच्या जागी असते.

असे का व्हावे, याचे उत्तर आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात आहे. भयानक रसाचा स्थायिभाव भय. ज्याच्यामुळे भय उत्पन्न होते ते पिशाच, राक्षस वा चेटूक हे त्याचे आलंबन. आणि ज्याच्या ठिकाणी भय उत्पन्न होते तो आश्रय. आता समर्थ आश्रय होऊ शकतात काय? नाही, कारण त्यांना भीती वाटत नाही. त्यांच्या ठिकाणी उत्साह आहे, म्हणून ते वीररसाचे आश्रय आहेत. समर्थ दारातून आत आले की त्या क्षणी कथा भयानकाकडून वीराकडे वळते, आणि वीराच्या मागोमाग अद्भुत येतो. अद्भुत वीरापासून आणि भयानक बीभत्सापासून उत्पन्न होतो, असे भरतमुनींनी सांगून ठेवले आहे. तेव्हा भयकथा म्हणून जे काही टिकून राहते ते अप्पांच्या आणि अप्पांसारख्यांच्या बळावर.

येथे शास्त्रकारांशी आमचा एक मतभेद नोंदवणे अवश्य आहे. भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसे यांचे, उत्तम प्रकृतीचे नव्हे, अशी त्यांची वाटणी होती. उत्तम नायक भ्यायला तर त्याचे उत्तमत्व जाईल, ही त्यांची चिंता. समर्थांची घडण नकळत याच चिंतेतून झाली आहे. मात्र आधुनिक वाचक भ्यालेल्या माणसाला हीन समजत नाही. भीत भीतही जो जागचा हलत नाही, तोच त्याला जवळचा वाटतो. आवड बदलली आहे ती येथे, आणि ती वाचकांनी टीकाकारांच्या आधी ओळखली आहे.

खुद्द धारपांनी तरी हे ओळखले नव्हते असे कसे म्हणावे? त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘समर्थाचिया सेवका’ असे आहे. ‘मनाच्या श्लोकां’तून उचललेले हे शब्द मराठी घरात पाठच असतात, आणि ते ऐकताच पुढचे अभय आपोआप मनात उमटते. पण शीर्षकात थांबवलेले पद पाहा : ‘सेवका’. धन्याचा महिमा गाताना चौकट मात्र सेवकाभोवती आखली गेली आहे.

लोकांच्या या आवडीला आपल्या परंपरेत जुनी मुळे आहेत. मालू नरहरीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त (शके १७४१) भुतावळीशी आणि वेताळाशी झुंजणारे मच्छिंद्रनाथ आहेत, सामर्थ्यात त्यांना तोड नाही. तरी पारायण ऐकणाऱ्यांच्या मनात घर करतो तो गोरख. स्त्रीराज्यात गुंतून पडलेल्या गुरूला मृदंगाच्या बोलांतून हाक घालणारा शिष्य हा ऐकणाऱ्याला आपला वाटतो, कारण त्या घटकेला गुरू हरलेला असतो आणि शिष्य जिंकेलच याची खात्री नसते. आमच्या माळव्याची म्हणून जी कथा सर्वत्र सांगितली जाते, त्या विक्रम-वेताळाचा प्रकार तर याहून मौजेचा आहे. ‘चांदोबा’ वाचून मोठ्या झालेल्या पिढीला आवडते पात्र विचारा; दहांतले आठ जण वेताळाचे नाव घेतील. पिशाचच लाडके! याचे कारण शोधले तर तेच सापडते. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त खरा घातकी आहे तो साधना करणारा भिक्षू, प्रेतातला वेताळ अखेर राजाला सावध करतो आणि भिक्षूच्या कपटातून सुटण्याची युक्ती सांगतो. (त्या ग्रंथातील राजा त्रिविक्रमसेन असून त्याची नगरी गोदातीरीची प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण आहे. तेव्हा या कथेवर माळव्याइतकाच महाराष्ट्राचाही हक्क पोहोचतो, हे उज्जैनकरांनी रागावू नये म्हणून हळूच सांगतो.) जटा आणि मंत्र पाहून माणूस ओळखू नये, हे त्या कथेत लोकांनी फार पूर्वीच ऐकून ठेवले आहे.

आता थोडे बाहेर पाहू. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही या प्रकारच्या कादंबऱ्यांची आजी. तीत पिशाचविद्येचा जाणकार आहे प्राध्यापक व्हॅन हेलसिंग, म्हणजे तेथील समर्थ. चित्रपटांनी त्याला नायक केले; कादंबरीचा वाचक मात्र मीना हार्करला विसरत नाही. विखुरलेल्या रोजनिश्या आणि पत्रे जुळवून, टंकलिखित करून, शत्रूच्या हालचालींचा सलग वृत्तांत तीच तयार करते. मग ही पुरुषमंडळी बाईमाणसाला त्रास नको म्हणून तिला मसलतीतून वगळतात, आणि ती एकटी पडलेली असतानाच ड्रॅक्युला तिला गाठतो. दंश झाल्यावरही ती खचत नाही. संमोहनाच्या अवस्थेत आपल्याकडून त्याचा ठावठिकाणा काढून घ्या, असे स्वतःच सुचवते. शेवटी ड्रॅक्युलाचा वध होतो तोही प्राध्यापकाच्या हातून नव्हे. तिच्या नवऱ्याची खुकरी आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा ते काम करतात, आणि मॉरिस त्यात प्राण देतो.

स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीत तर समर्थ कोणीच नाही. धारपांची ‘लुचाई’ हिच्यावर बेतलेली आहे, जशी ‘शपथ’ किंगच्याच ‘इट’वर (१९८६). ‘सेलम्स लॉट’मध्ये पिशाचाशी लढायला उभे राहतात कोण? एक लेखक, एक डॉक्टर, एक पाद्री, बारा वर्षांचा एक मुलगा आणि इंग्रजी शिकवणारा एक म्हातारा शाळामास्तर. गावात काय चालले आहे याची चाहूल लागणाऱ्यांत हा मास्तर पहिल्यांपैकी, आणि हृदयविकाराने अंथरुणाला खिळल्यावर इस्पितळात पुस्तकांचा ढीग मागवून इतरांना उपाय सांगणाराही तोच. आमच्या व्यवसायबंधूंना तो आवडला तर त्यात पक्षपात आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सर्वांत विचार करायला लावतो तो पाद्री, फादर कॅलहन. पिशाच त्याला म्हणते, हातातला क्रूस टाक आणि केवळ श्रद्धेने माझ्यासमोर उभा राहा. तो कचरतो, त्या क्षणी क्रूसाचे तेज विझते, आणि भ्रष्ट होऊन तो गाव सोडून जातो. हरलेले पात्र! तरी ते वाचकांच्या आणि लेखकाच्याही मनातून गेले नाही. अठ्ठावीस वर्षांनी, २००३ साली, किंगने आपल्या ‘डार्क टॉवर’ मालिकेच्या पाचव्या भागात त्याला पुन्हा आणले. जिंकणारा वीर पुस्तकाबरोबर मिटतो, कचरलेला माणूस मात्र मागे उरतो, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

धारपांविषयीची आमची तक्रार यावरून ध्यानात येईल. वातावरण उभे करण्यात त्यांचा हात धरणारा मराठीत विरळा. सामान्य घर, सामान्य माणसे, आणि त्यांत हळूहळू शिरत जाणारे अमंगल, ही त्यांची हातोटी होय. परंतु समर्थ आले की वाचक सुटकेचा श्वास टाकतो, आणि जेथे श्वास सुटतो तेथेच कथेचा ताणही सुटतो. पुढची पाने आपण निकाल माहीत असलेल्या सामन्यासारखी वाचतो. समर्थांना एकदा तरी कॅलहनसारखे कचरू दिले असते तर!

यावर असा आक्षेप येईल की, वाचकाला आधार हवा असतो, विशेषतः मुलांना. अंधारात हात धरणारा कोणी आहे, या विश्वासानेच मूल भयकथा वाचू धजते, तेव्हा समर्थ काढून घेतले तर पुस्तकच खाली ठेवले जाईल. आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो हलका लेखत नाही. समर्थ नसते तर कित्येकांनी अप्पांपर्यंत पोहोचण्याचे धाडसच केले नसते.

पण आमच्या भागात या आधाराला दुसरी बाजू आहे, आणि ती वाङ्मयाबाहेरची आहे. येथे ‘समर्थ’ हे केवळ पुस्तकातले पात्र नाही. भिल्लांचा बडवा, कोरकूंचा पडिहार, अंगात आलेल्याला प्रश्न विचारणारा जाणता, हे सर्व येथल्या जीवनाचे भाग आहेत. त्यांच्यापैकी कित्येकजण दुखल्याखुपल्याला धीर देण्यापलीकडे काही करत नाहीत. तथापि निदान करणाऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, असे एकदा ठरले की मग तो ज्या घराकडे बोट दाखवील ते घर संकटात सापडते. ‘डाकण’ हा शब्द येथे कादंबरीच्या मुखपृष्ठावरचा नाही. तो कोणातरी एकट्या, बहुधा विधवा, बहुधा दोन बिघे जमीन असलेल्या बाईच्या कपाळी चिकटवला जातो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या कितीतरी आधी झारखंडाला आणि छत्तीसगडाला डाकण वा टोनही ठरवण्याविरुद्ध कायदे करावे लागले. कायदा लागतो तेथे भय काल्पनिक नसते.

कादंबरीत पिशाच खरेच पिशाच असते आणि समर्थांचे निदान कधी चुकत नाही. गावात दोन्हीही तसे नसते. म्हणून समर्थांवर प्रेम करणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक बंद करायला सांगू नये. ‘समर्थांना कसे कळले?’ एवढेच विचारावे. अप्पांवर प्रेम करणाऱ्याला हेही विचारावे लागत नाही. तो आधीच शंकेच्या बाजूला उभा असतो. त्याला आवाज ऐकू आलेला असतो, पण तो कशाचा हे त्याला ठाऊक नसते.

साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्या बाईच्या बाबतीत आलंबन आणि आश्रय यांची अदलाबदल झालेली असते. गाव तिला भयाचे कारण समजते. प्रत्यक्षात रात्री दाराला कडी घालून, बाहेरच्या पावलांचा कानोसा घेत जागी बसलेली तीच असते. मीना हार्करला पुरुषांनी मसलतीतून वगळले, हिला गावाने गावातूनच वगळलेले असते. धारपांची सारी सामग्री तेथे हजर आहे : बंद खोली, कंदील, जिन्यावरचे पाऊल. फक्त या वेळी पाऊल माणसांचे आहे, आणि त्यांच्या पुढे चालणारा मंत्र म्हणतो आहे. ही कादंबरी तिच्या बाजूने, खोलीच्या आतून, मराठीत कोणी लिहिली, तर लोहारद्याच्या वाचकांनी तिच्यातले आवडते पात्र कोणते सांगितले, हे आम्ही अगत्याने टिपून ठेवू.