पुस्तक कोणापुढे उघडावे?

गेल्या मार्गशीर्षात माझ्या कादंबरीचे प्रकाशन नाशकात झाले. सभागृह चांगले होते, समई होती, रेशमी फितीत बांधलेला प्रतींचा गठ्ठा होता. चार भाषणे झाली. त्यांपैकी दोघांनी पुस्तक नुसते चाळले होते, आणि एकाने तसे प्रांजळपणे सांगितलेही. श्रोत्यांत बहुतेक लेखक, लेखकांचे स्नेही आणि माझे शाळेतले सहकारी. कादंबरी आहे एकलहऱ्याच्या पंचक्रोशीतल्या, जमीन विकून पाळीच्या नोकरीला लागलेल्या एका घराची. त्या पंचक्रोशीतून मात्र एकही माणूस आला नव्हता. येणार कसा? सायंकाळचे सहा म्हणजे आमच्याकडे दुसरी पाळी कामावर आणि शेतकरी धारा काढायला बसलेला. त्याच गावात राहणाऱ्या मला पत्रिका छापताना हे सुचू नये! वाचक उरला नाही अशी हाकाटी आपण करतो. पुष्कळदा त्याला बोलावलेलेच नसते.

या संदर्भात जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची हकीकत आठवते. १८८३ साली हा ग्रंथ लिहिताना त्यांनी त्यातले भाग मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवले. छापून झाल्यावर नव्हे, त्याआधी. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नाही, हे ते ओळखून होते. म्हणून वाचकाआधी त्यांनी श्रोता गाठला. 'असूडा'तली वाक्ये पानपानभर लांबतात, ती बोजड आहेत, असा आक्षेप आपण डोळ्यांनी वाचणारे घेतो. मी त्यातला एक भाग मोठ्याने वाचून पाहिला. शेतकऱ्याच्या दैन्याची यादी करता करता वाक्य श्वास घेते, पुन्हा चढते, आणि शेवटच्या क्रियापदाशी ऐकणारा आपोआप मान हलवतो. ते वाक्य कानासाठी घडले आहे असे मला वाटते.

तथापि वाचकाला ओळखणे म्हणजे त्याची मर्जी राखणे नव्हे. ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त आली. पुढची छापण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी थांबवले. लोखंडे परके नव्हते, सत्यशोधक समाजातले जोतीरावांचे सहकारीच होते. म्हणजे आपल्या माणसांनाही पुस्तक जड जाऊ शकते. जोतीरावांनी त्यासाठी लेखणी मऊ केली नाही. १८९० साली ते वारले, तोवर ग्रंथ पूर्ण छापला गेला नव्हता.

आपला आजचा समारंभ याच्या नेमका उलट आहे. पुस्तक बांधून तयार असते, त्यातला काना-मात्रा आता हलायचा नाही, आणि समोरच्याने फक्त टाळी द्यायची.

समारंभानंतर महिन्याभराने, थोड्या लाजेनेच, मी गावातल्या मारुतीच्या पारावर एक प्रकरण वाचले. रात्रीची साडेनऊची वेळ. पंधरा-सोळा माणसे, दोघांच्या अंगावर अजून कामाचा गणवेश. प्रकरण खरेदीखताच्या दिवसाचे होते. त्यात सगळे घर रडते. पाच पाने रडते. नाशकात एका वक्त्याने नेमकी तीच पाने वाचली होती आणि सभागृह गहिवरले होते. पारावर कोणी गहिवरले नाही. एक म्हातारेबाबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मास्तर, खताच्या दिशी कोन रडतं? बोकड कापलं व्हतं आम्ही. रडू आलं ते पेरनीला, आपल्या वावरात दुसऱ्याची पाभर पाहून."

माझ्या कादंबरीवर तीन परीक्षणे आली आहेत. तिन्ही अनुकूल आहेत; एकाने तर त्या पाच पानांना कादंबरीचे हृदय म्हटले आहे. बाबांच्या त्या एका बोलण्याइतकी खरी समीक्षा त्यांत नाही, आणि ती माझ्या हाती आली तेव्हा हजार प्रती छापून झाल्या होत्या. त्यांतल्या सातशेंवर घरात कॉटखाली आहेत.

नव्या कादंबरीची तीन प्रकरणे अजून वहीतच आहेत. प्रकाशकांचे पत्र आले आहे, अद्याप उत्तर दिलेले नाही. सोयाबीनची सोंगणी उरकली की पारावर बसायचे ठरले आहे. बाबांनी एकच अट घातली आहे: मधे कोणी बोलले तर वाचन थांबवायचे.